आमच्याकडे नसलेला सण

"पितळ जुनं दिसायला काय लावतात?" एलोजीकाकांनी विचारलं.

त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिवा होता. आठ वाट्या एका ओळीत, नववी जरा वर, आणि दोन्ही टोकांना एकेक सिंह. सिंहांची तोंडं मांजरांसारखी होती. काकांनी तो मुंबईहून आणला होता आणि येताना लाँचमध्ये पूर्ण वेळ कोटाखाली धरून बसले होते, चोरून आणल्यासारखा.

"किती जुनं दिसायला हवंय?"

"दोन हजार वर्षं."

"मग दोन हजार वर्षं थांबा."

"शेबा, मस्करी नको. एवढी केमिस्ट्री शिकलीस ती कशासाठी?"

मी एम.एस्सी. होऊन नुकतीच घरी आले होते, आणि माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. मी सांगितलं, कल्हईवाल्याकडून नवसागर आणा, त्यात मीठ आणि व्हिनेगर घाला, फडकं भिजवून त्यात दिवा गुंडाळून ठेवा. हिरवट होईल. काकांनी तीनही नावं ओठांतल्या ओठांत घोकली आणि ते समाधानाने उठले.

"आणि आजोबांच्या वेळचा म्हणा," मी मागून म्हटलं. "तेवढं पुरे आहे. तेवढं खपेल."

त्यांनी ऐकलं नाही. काकांना थोडक्यात खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

हा सगळा खटाटोप माझ्या बहिणीसाठी चालला होता. मिल्का माझ्याहून दीड वर्षाने मोठी, पण मी तिला नावानेच हाक मारत असे. ती मुंबईत नर्स होती. अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आलेला सालेह नावाचा तरुण बरा झाल्यावरही वॉर्डात येत राहिला, आणि वर्षभराने त्याने तिला मागणी घातली. तोही यहुदी, आम्हीही यहुदी. मग अडचण कसली, असं कुणाही शेजाऱ्याला वाटलं असतं. पण सालेहचं घराणं बगदादहून आलेलं, कापडाच्या व्यापारातलं, तीन पिढ्या मुंबईत. आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर घाण्याचं तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. बगदादवाल्यांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात तसे आमच्यातही. पण नऊ जमले आणि दहावा आमच्यातला असला, तर त्यांच्यातले काहीजण तो मोजत नसत. त्यापेक्षा प्रार्थना रद्द करत.

सालेहला आईवडील नव्हते. त्याच्या चुलत्याने, हायेमसाहेबांनी, त्याला वाढवलेलं. त्यांनी नकार दिला नाही. मी येऊन घर बघतो, मग सांगतो, असं कळवलं. दिवसही त्यांनीच ठरवला.

"हनुकाच्या सणात येतोय," काका म्हणाले. "मुद्दाम. आपल्याला येतो का ते बघायला."

काकांचा अंदाज बरोबर होता. आमच्या वाडवडिलांना शनिवार माहीत होता, सुंता माहीत होती, खवले नसलेला मासा खायचा नाही हे माहीत होतं, आणि 'ऐक, हे इस्राएल' ही प्रार्थना माहीत होती. हनुका माहीत नव्हता. तो शे-दीडशे वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या शिक्षकांनी सांगितला. मुंबईच्या आमच्या लोकांनी तो उचलला, आमच्या घरात तो कॅलेंडरापर्यंतच पोचला. आणि आम्ही खरे यहुदी नाही असं म्हणणाऱ्यांचा आवडता पुरावा हाच. ज्यांना हनुका ठाऊक नाही ते कसले यहुदी?

म्हणून मला आज्ञा झाली, वाच आणि शिकव. मी मुंबईला जाऊन ग्रंथालयात बसले आणि परत येऊन चुलीपुढे आईला, काकांना आणि रजेवर आलेल्या मिल्काला शिकवलं.

"जेरुसलेमवर ग्रीक राजाचं राज्य होतं. त्याने शनिवार पाळायला बंदी केली, सुंतेला बंदी केली. मंदिरात स्वतःचा देव बसवला आणि वेदीवर डुक्कर कापलं."

"मेला," आई म्हणाली.

"काही लोक डोंगरात पळाले. तिथून लढले. तीन वर्षांनी मंदिर परत घेतलं, धुतलं, नवी वेदी बांधली. हनुका म्हणजे अर्पण करणं. मग दिवा लावायला गेले तर शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली. एक दिवस पुरेल एवढी. ती आठ दिवस जळली."

आईने भाकरी उलटली. "वात बारीक केली असेल."

"चमत्कार आहे तो, वहिनी," काका म्हणाले.

"असेल. आपल्याकडे घाणा होता तेव्हा सासूबाई करायच्या. बारीक वात, चिमूटभर मीठ."

मिल्का हसली. मी म्हटलं की आईचं फारसं चुकत नाहीये, कारण त्या काळाच्या जवळच्या इतिहासांत कुपीचा उल्लेखच नाही. तिथे आठ दिवसांचं कारण वेगळंच आहे. शरद ऋतूत मांडव घालून आठ दिवस करायचा सण असतो. ही माणसं तेव्हा गुहांमध्ये लपलेली, त्यांचा तो राहून गेला. मंदिर हाती आल्यावर त्यांनी तो थंडीत केला. तेलाची गोष्ट कित्येक शतकांनी कुणीतरी सांगितली.

"हे हायेमसाहेबांपुढे बोलायचं नाही," काका म्हणाले. "कुपीच सांगायची."

ते त्यांनी पाठ केलं. दाराआड उभं राहून म्हणत असत. कस्टममध्ये तीस वर्षं साहेबांना सलाम करून रिटायर झालेला हा माणूस पुन्हा परीक्षेला बसला होता, आणि त्याला त्यात आनंद होत होता. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

हायेमसाहेब दुपारच्या लाँचने आले. पांढरा सूट, हातात काठी, आणि मागे सालेह, त्यांची बॅग घेऊन. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असतो, देवाचं वचन लिहिलेलं चामडं ठेवलेली लहानशी डबी. आत येताना तिला बोट लावून बोटाचं चुंबन घ्यायचं. हायेमसाहेबांनी आधी डबीवर नखाने टकटक केली, आत काही आहे का ते पाहायला. मग चुंबन घेतलं.

मराठी ते अस्खलित बोलत. फक्त ती नोकरांशी बोलून शिकलेली होती, त्यामुळे त्यांना 'तू'शिवाय दुसरं काही येत नव्हतं. किंवा येत असेल.

"तू एलोजी?" त्यांनी काकांना विचारलं.

"होय साहेब."

"घर स्वच्छ ठेवलंय."

काकांचा चेहरा उजळला.

जेवायला आईने रावस केला होता, खवल्यांचा एक तुकडा मुद्दाम ताटाच्या कडेला ठेवून, दिसावा म्हणून. मग मटण. हायेमसाहेबांनी रस्सा चमच्याने ढवळला. "पांढरा आहे. मांसात दूध घालता?"

"नारळाचं," आई म्हणाली. "गाईचं चालत नाही आपल्याला."

'आपल्याला' या शब्दावर त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं, जणू एखादी अनोळखी बाई दुकानात उधारी मागते आहे. पण जेवले भरपूर.

सालेह खाली मान घालून जेवला. मिल्काने त्याला दोनदा वाढलं. मी त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. देखणा होता. हात लहान मुलासारखे होते. चुलते बोलायला लागले की त्याचा घास तोंडात थांबत असे.

दिवस मावळताना काकांनी दिवा आणला. नवसागराने काम चोख केलं होतं. सिंह हिरवे झाले होते, शेवाळात लोळलेल्या मांजरांसारखे. हनुकाची तिसरी संध्याकाळ होती, म्हणून तीन वाट्यांत तेल आणि वरच्या नवव्या वाटीत मदतीची वात. काकांनी टोपी सारखी केली, मदतीच्या वातीने बाकीच्या तीन लावल्या आणि आशीर्वाद म्हटले. तीनच चुका केल्या. मग दिवा टेबलावर ठेवून ते वळले आणि कुपीची गोष्ट सांगितली, न अडखळता.

हायेमसाहेबांनी ऐकून घेतली. मग दिवा तिरका करून खाली पाहिलं. "किती जुना?"

"दोन हजार वर्षं, साहेब. पूर्वजांनी बरोबर आणलेला."

"याच्या बुडाला स्क्रू आहे."

"तो नंतर बसवला."

"बरं. पूर्वज कधी आले?"

काका ताठ झाले. हे त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. हे आमच्यातल्या कुठल्याही पोराला येतं. "जहाज फुटलं साहेब, नवगावच्या किनाऱ्याला. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीचे तिथेच पुरलेत, अजून जागा दाखवतात. त्या ग्रीक राजाच्या जाचातून पळालेली माणसं. मंदिर बाटलं त्याच्या आधीच निघाली होती."

"आधी?"

"आधी साहेब. चांगली दहा वर्षं आधी."

"मंदिर बाटायच्या आधी निघाली," हायेमसाहेब सावकाश म्हणाले, "आणि मंदिर शुद्ध झाल्याचा दिवा बरोबर घेऊन निघाली."

"होय साहेब," काका म्हणाले. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

दोन्ही गोष्टी त्यांना मुखोद्गत होत्या. आयुष्यात त्या त्यांनी शेजारी-शेजारी ठेवल्या नव्हत्या, एवढंच.

सालेहने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मिल्काने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बोलले.

"हायेमसाहेब, दिवा गेल्या महिन्यात विकत घेतलाय. हिरवा मी केला. हा सण आमच्या घरात कधी नव्हता. आमच्या पणजोबांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं."

"शेबा," काका म्हणाले.

"ठाऊक असणारच कसं? हा सण ज्या लढाईमुळे सुरू झाला ती व्हायच्या आधी ही माणसं निघाली होती. मागाहून कुणी सांगायला आलं नाही. त्याच्या आधीचं सगळं त्यांच्यापाशी आहे आणि नेमका हाच नाही. आम्ही खोटे असतो, कुणाचं बघून यहुदी झालो असतो, तर हनुका पहिल्या दिवशी उचलला असता. दिव्यांचा सण कोण सोडतं? आमच्याकडे हनुका नाही, हाच आमचा पुरावा आहे."

हायेमसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. बुद्धिमान माणूस होता तो. मग ते हसले.

"हे तू दिवा लावायच्या आधी सांगितलं असतंस ना पोरी, तर मला विचार करावा लागला असता. आता कशावरून खरं? अर्ध्या तासापूर्वी तुम्ही दुसरं सांगत होता."

आणि त्यांनी सिगारेट काढली. काड्यापेटी चाचपली, सापडली नाही. काकांनी लगबगीने दिवा उचलून त्यांच्या तोंडापाशी धरला. साहेबांनी मदतीची वात सोडून तिसऱ्या ज्योतीवर सिगारेट पेटवली.

मला राहवलं नाही. "त्या ज्योतींचा उपयोग करायचा नसतो. नुसतं बघायचं असतं. म्हणून तर नववी वात वेगळी ठेवतात."

"मला शिकवू नकोस. साठ वर्षं हनुका करतोय मी." त्यांनी धूर सोडला. "हा हनुकाचा दिवा असता तर मी पेटवली नसती."

काकांनी दिवा खाली ठेवला. त्यांना ते वाक्य कळलं असावं, कारण त्यांनी तो फार हळू ठेवला.

"आता कामाचं," हायेमसाहेब म्हणाले. "मी दुष्ट माणूस नाही. पोराला मुलगी आवडलीय, मुलगी गोरी आहे, कामाची आहे. लग्न होईल. आमच्या सिनेगॉगात होईल. फक्त त्याआधी तिला आमच्या कुंडात तीन डुबक्या माराव्या लागतील. आमचे धर्मगुरू काठावर असतील. बाहेरचं कुणी धर्मात येतं तेव्हा करतात, तसं. कुणाला सांगायची गरज नाही."

"काहीच हरकत नाही," काका म्हणाले. "पाणीच तर आहे."

मिल्का दाराला टेकून उभी होती. ती सालेहशी बोलली, साहेबांशी नाही.

"त्या पाण्यातून मी यहुदी होऊन बाहेर येणार. मग आत जाताना मी कोण असेन?"

"मिल्का, तसं नसतं ते," सालेह म्हणाला. "फॉर्मॅलिटी आहे. पाच मिनिटांचं काम."

"तुला काय वाटतं? मी कोण आहे?"

त्याने चुलत्यांकडे पाहिलं. चुलते सिगारेटची राख कुठे झाडावी ते पाहत होते.

"उद्या सकाळी धक्क्यावर सांगते," मिल्का म्हणाली.

ते दोघे मुक्कामाला डाकबंगल्यावर गेले. काका कंदील घेऊन त्यांना पोचवायला. मी आईपाशी हायेमसाहेबांच्या नावाने मनसोक्त बोलून घेतलं. ती भांडी विसळत ऐकत राहिली.

"शिमशोन आठवतो तुला?" ती म्हणाली. "पलीकडच्या आळीतला. त्याची आजी आपल्यातली नव्हती म्हणून आपण त्यांना काळे इस्राएल म्हणायचो. एलियाहू नबीच्या नावाने मालिदा केला की त्याचं ताट वेगळं. पोहे तेच, गूळ तोच, ताट वेगळं. तुझे काका स्वतः नेऊन ओट्यावर ठेवायचे."

"मग?"

"मग काही नाही. सिगारेटवालाच एकटा नाही, एवढंच."

सकाळी भरती होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. मुंबईची लाँच यायला वेळ होता. वर तिकिटाच्या खिडकीपाशी हायेमसाहेब काठीवर रेलून उभे होते, आणि त्यांची बॅग काकांच्या हातात होती. आदल्या दिवशी सालेहच्या हातात होती, तीच. सालेह आम्हाला पाहून पायऱ्या उतरून खाली आला.

"रात्रभर झोपलो नाही," तो मिल्काला म्हणाला. "हे बघ, मला फरक पडत नाही. तू कोणीही असलीस तरी—"

"कोणीही म्हणजे?"

"म्हणजे तू तूच आहेस. डुबकी त्यांच्या समाधानासाठी. म्हातारा माणूस आहे. मोठं मन कर."

"बरं," मिल्का म्हणाली. "मोठं मन तू कर. आपलं लग्न इथे होऊ दे, आमच्या सिनेगॉगात. आणि त्याआधी तू डुबकी मार. आमच्यातला हो."

तो हसला. मग ती हसत नाही असं त्याच्या लक्षात आलं.

"कुठे?"

"हा समुद्र समोर आहे. जहाज फुटलं ते याच पाण्यात, थोडं वर. आमच्याकडे धर्मगुरू नाही, शेबा काठावर उभी राहील. पाच मिनिटांचं काम."

"आत्ता? या कपड्यांत?"

"फॉर्मॅलिटी आहे."

त्याने वर पाहिलं. चुलत्यांची पाठ आमच्याकडे होती. आणि त्या वेळी, खरं सांगते, मला वाटलं की हा करेल. त्याचा चेहरा बदलला. त्याने खाली बसून उजव्या पायाचा बूट काढला, मोजा काढून नीट घडी करून बुटात ठेवला, पँट एक घडी वर घेतली आणि तो पाय पाण्यातल्या पायरीवर ठेवला. पाणी घोट्याशी आलं.

"थंड आहे," तो म्हणाला. लहान मुलासारखा आनंदला होता.

"अजून सहा पायऱ्या आहेत," मिल्का म्हणाली. तिने हात पुढे केला होता. मी तिचा तसा चेहरा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"सालेह," वरून हाक आली. मोठी नव्हती. रस्ता ओलांडताना कुत्र्याला हाक मारतात तशी.

सालेहने पाय बाहेर घेतला. तो पायरीवर बसला, खिशातून रुमाल काढला आणि पाय पुसला. तळवा पुसला, मग बोटांच्या बेचक्या, एकेक. मोजा चढवला. टाच वाकडी बसली होती, म्हणून तो परत काढून पुन्हा घातला, सुरकुती न ठेवता. बुटाची नाडी बांधून दुसऱ्या नाडीएवढीच झाली आहे ना ते पाहिलं. मिल्का उभी राहून पाहत होती, पट्टी सुटली की नर्स जखमेकडे पाहते तशी. घोट्यापर्यंत तो आमचा झाला होता, आणि ते त्याने पुसून टाकलं होतं.

"मी पत्र लिहीन," तो म्हणाला.

"नको," मिल्का म्हणाली.

तो पायऱ्या चढून गेला. काकांनी त्याच्याकडे बॅग दिली नाही. स्वतःच लाँचवर चढवून आले आणि लाँच वळेपर्यंत हात हलवत राहिले.

मिल्काचं तिकीटही त्याच लाँचचं होतं. तिने ते पदराच्या टोकातून सोडलं, खिडकीपाशी गेली आणि हे दुपारच्या लाँचला चालेल का म्हणून विचारून आली.

"चालतं म्हणाला," ती म्हणाली. "चल, घरी जाऊन चहा घेऊ. काकांना हाक मार, नाहीतर दिवसभर इथेच उभे राहतील."